परड्यातले दोन गुंठे उसाला देऊ नका!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते

मथळा वाचून आपणांस वाटेल, शेतकी खात्याच्या माणसाला झाले तरी काय? ज्याने ऊस वाढवा म्हणून गावोगाव सांगत फिरायचे, तोच ऊस लावू नका म्हणतो! म्हणून खुलासा आधीच करतो. शेतात ऊस लावाच. आडसाली लावा, पूर्वहंगामी लावा, सुरू लावा, बेणे चांगले वापरा आणि एकरी टन वाढवा. माझे म्हणणे फक्त घरामागच्या त्या दोन गुंठ्यांपुरते आहे, जिथे पूर्वी घेवड्याचा मांडव होता, मोरीच्या पाण्यावर अळू होते, कडेला शेवगा होता, आणि आज तिथे सरी आलेली आहे.

आपल्या भागात ऊस दाराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि परडे गेले. परडे गेले म्हणजे नुसती भाजी गेली नाही. त्या त्या हंगामातले करणे-सवरणे गेले, वाळवण गेले, वाखाचा दोर गेला, आणि गाडग्यात राखेत ठेवलेले बी गेले. हे माझ्या नजरेसमोर झाले आणि एका ठिकाणी तर माझ्याच हाताने झाले. ते आधी सांगतो.

मी टेप धरला, आणि परडे गेले

साल २००६. नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षे झालेली. नदीकाठच्या एका वस्तीवर एका सभासदाच्या घरी लागणीची नोंद घ्यायला गेलो होतो. घरामागे त्यांच्या आईचे परडे होते. मी टेप काढून मोजले, ६६ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर दोन गुंठे. तीन फुटी सरी धरली तर अकरा सऱ्या बसत होत्या. मी सभासदाला म्हणालो, "एवढी चांगली जमीन भाजीपाल्यात कशाला अडकवलीय? घ्या लागणीत."

आजी मांडवाखाली शेंगा तोडत होत्या. हातातले काम न थांबवता म्हणाल्या, "सायेब, ऊस वरसानं येतोय. जेवान दिसातनं दोनदा लागतंय."

मी हसलो. लेकानेही आईचे ऐकले नाही, माझे ऐकले. मांडव मोडला, सरी पडली. ऊस चांगला आला हेही खरे, आणि माझ्या अहवालात त्या प्लॉटचे कौतुकही झाले. बांधाच्या काटेरी कुंपणावर एकच घेवड्याचा वेल उरला होता. त्याच्या शेंगांवर जांभळी शीर होती. पुढच्या वर्षी उसातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी मीच २,४-डी सांगितले. फवारणीच्या दिवशी वारा होता. आठ दिवसांत वेलाची पाने आकसली, शेंडा वाकडा झाला आणि वेल गेला. त्या वर्षीचे बी अजून वेलावरच होते.

पुढे एकदा दुपारच्या वेळी त्याच घरी जेवायला थांबलो. ताटात पिठले-भाकरी आणि कांदा. आजी म्हणाल्या, "भाजी बाजारादिवशी असती बगा. आज बेस्तरवार, बाजार मंगळवारी." रागाने म्हणाल्या नाहीत, म्हणूनच मला जास्त लागले.

हिशेब मांडून बघू

आपण सहकारातली माणसे, हिशेबाशिवाय बोलायचे नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि एकरात ४० गुंठे. एकरी ५० टन ऊस धरला तर दोन गुंठ्यांत अडीच टन निघतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर ठरवला. त्या दराने अडीच टनांचे ८,८७५ रुपये झाले. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा. मग बेणे, खत, पाणी, भांगलण वजा करा. हातात काय राहते ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आता दुसरी बाजू. घरात पाच-सहा माणसे. आठवडी बाजारात भाजीला दोनशे रुपये जरी जात असतील तरी वर्षाचे १०,४०० रुपये होतात, तीनशे धरले तर १५,६००. परड्यातून सगळीच भाजी निघेल असे मी म्हणत नाही. बटाटा बाजारातूनच येईल. पण निम्मी जरी निघाली तरी पाच ते आठ हजार रुपये खिशातून जायचे वाचतात. म्हणजे पैशाच्या हिशेबात परडे उसाला हार जात नाही. शिवाय उसाचे बिल हप्त्याने येते आणि सोसायटीतून वळते होऊन येते. परड्यातल्या मेथीच्या जुडीवर कुणाची वसुली नाही!

आणि एक हिशेब अंगातल्या रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहाराच्या सूचनांत, रोज २००० कॅलरीचा आहार घेणाऱ्या माणसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. पाच माणसांच्या घरात नुसत्या भाज्याच रोजच्या दोन किलो झाल्या. मंगळवारच्या एका पिशवीत हे बसत नाही.

परडे कसे आखावे

फार आखणी नको. कडेला कायमची झाडे, मध्ये हंगामी भाजी, आणि कुंपणावर वेल.

कायमच्या झाडांत शेवगा दोन, कढीपत्ता एक, लिंबू एक, पपई दोन-तीन आणि केळीची चार-पाच खुंटे. शेवग्यासाठी 'पी.के.एम.-१' किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा' हे वाण घ्यावेत. शेवगा छाटून कमरेएवढा ठेवावा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून घरावर येते. जागा असेल तर आवळ्याची दोन वेगवेगळ्या वाणांची कलमे लावावीत. एकट्या झाडाला फळ कमी धरते.

मोरीचे साबणाचे पाणी अळूला आणि केळीला द्यावे. कोथिंबीर, मुळा, पालक अशा कच्च्या खाण्याच्या आणि पालेभाज्यांना ते देऊ नये. उसाचे पाचट जाळण्याऐवजी चार ओझी परड्यात आणून वाफ्यांत अंथरावे. ओल टिकते, तण दबते, आणि वर्षभरात कुजून त्याचे खत होते.

वेल मात्र हटकून लावावेत. दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, कोहळा, भोपळा, घेवडा हे जमीन कमी खातात आणि देतात भरपूर. कुंपण, गोठ्याचे छप्पर, बाथरूमची भिंत, काहीही त्यांना चालते.

हंगाम तसे करणे

परड्याचा खरा प्रश्न भाजी येत नाही हा नसतो. भाजी एकदम येते आणि खाऊन संपत नाही, हा असतो. दोडके एका आठवड्यात टोपलीभर, मिरच्या एकदम लाल, कोहळे एकाच पंधरवड्यात तयार. आपल्या आया-आज्यांनी यावर तोड काढली होती. जे आज खपत नाही ते वाळवायचे, खारवायचे किंवा पाकात घालायचे. हीच सारी विद्या आहे.

*आषाढ-श्रावण.* पावसाबरोबर अंबाडी, माठ, अळू येते. अंबाडीची पाने शिजवून पिळून घ्यावीत, म्हणजे फार आंबट होत नाही. तिच्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून, गुळाचा खडा टाकून, वरून लसणाची खमंग फोडणी द्यावी. अळूवडीला काळ्या देठाचे अळू घ्यावे, आणि पिठात चिंच घालायला विसरू नये, नाहीतर घसा खवखवतो.

*भाद्रपद.* गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी आपल्याकडे रीत. म्हणजे नांगरटीच्या शेतातले नको, हाताने खुरपून पिकवलेले हवे. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याचे कणीस, सगळे एकत्र. ही भाजी परड्याचीच आहे. हल्ली आपण ती बाजारातून आणतो, तीही ट्रॅक्टरने नांगरलेल्या रानातली, आणि म्हणतो बैलाचे नाही! गौरीच्या सोळा भाज्यांचेही तेच. एका घरात सोळा निघत नसतील तर चार घरांनी मिळून काढाव्यात. पूर्वी असेच होत होते.

*आश्विन-कार्तिक.* कोहळ्यावर पांढरी भुकटी धरली की तो पक्का झाला. देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला तर काही महिने टिकतो, म्हणून सांडगे उन्हाळ्यात घालता येतात. कार्तिकात आवळा येतो, आणि इथे कारखान्याच्या सभासदाला घरचीच साखर उपयोगी पडते. मोरावळ्यासाठी एक किलो आवळे वाफवावेत. फोडी सुटल्या की बिया काढाव्यात. सव्वा किलो साखर मिसळून रात्रभर झाकून ठेवावे, आणि सकाळी मंद आचेवर पाक घट्ट होईपर्यंत शिजवून वेलदोडा घालावा. साखरेत काटकसर करू नये. साखर कमी पडली तर पाकात पाणी राहते आणि बुरशी येते. आवळा पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात शिजवू नये. दिवाळीला सवलतीची साखर घेता, त्यातली दोन किलो याला बाजूला काढा.

*मार्गशीर्ष-पौष.* हा घेवड्या-पावट्याचा काळ. भोगीला घेवडा, पावटा, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरे अशी मिसळीची भाजी, तिळकूट लावलेली, आणि सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी. थंडीत अंगाला तेल आणि ऊब लागते, म्हणून तीळ आणि बाजरी. याच दिवसांत मेथी जास्त झाली तर पाने निवडून सावलीत वाळवावीत. उन्हात रंग जातो. शेवग्याचा पालाही असाच सावलीत वाळवून कुटून ठेवावा. थालीपिठाच्या पिठात मूठभर टाकला तर लहान मुले तक्रार न करता खातात.

*फाल्गुन ते वैशाख.* हा वाळवणाचा हंगाम, आणि याच काळात गाळप संपत आलेले असते. कोहळ्याचे सांडगे असे करावेत. मध्यम कोहळा सोलून किसावा, मीठ लावून पाणी पिळावे. पाव किलो उडदाची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटावी. त्यात कीस, हिरवी मिरची, जिरे, हिंग घालून स्वच्छ कापडावर बोटाने लहान लहान सांडगे घालावेत. पिळलेले पाणी टाकू नये, ते भाकरीच्या पिठात वापरावे. तीन-चार कडक उन्हे दिली की सांडगा खडखडीत वाजतो. वाजला नाही तर डब्यात भरू नये.

सांडगी मिरची जाड सालीची आणि कमी तिखट घ्यावी. उभी चीर देऊन धने, जिरे, मेथी, हिंग, मीठ भरावे. रात्री आंबट ताकात बुडवावी, दिवसा उन्हात घालावी, असे ताक संपेपर्यंत करावे. पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी दोन मिरच्या तळल्या की दहीभात होतो.

इथे एक कळकळीची सूचना. वाळवण खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पोत्यावर घालू नये. मी हे अनेक घरी पाहिले आहे. पोते कितीही धुतले तरी ते अन्नाखाली घालायचे नाही. तसेच औषधाचे रिकामे डबे परड्यात पाणी घालायला वापरू नयेत.

खाऊन उरते, ते हाताला येते

परड्यातून पोटाशिवाय घरालाही पुष्कळ मिळते. हे काम म्हाताऱ्या माणसांना बसल्या जागी होते आणि मुलांना शिकता येते.

घोसाळ्याच्या वेलावर पहिली चार चांगली फळे तोडू नयेत. ती वेलावरच वाळू द्यावीत. तपकिरी होऊन हलकी झाली की पाण्यात भिजवून साल काढावी आणि झटकून बी वेगळे करावे. आत जी जाळी निघते, ती अंग घासायला आणि भांडी घासायला प्लास्टिकच्या घासणीपेक्षा चांगली. झिजली की उकिरड्यावर टाका, खत होते. त्याच चार फळांतून पुढच्या वर्षाचे बीही मिळते.

अंबाडी पाल्यासाठी खुडत गेलो तरी एक ओळ न खुडता उभी वाढू द्यावी. फुलावर आली की कापून, जुड्या बांधून, पाण्यात दगडाखाली दाबून ठेवावी. दोन आठवड्यांच्या आसपास साल सुटते. धुऊन वाळवली की पांढरा वाख मिळतो. मांडीवर पिळून त्याचा दोर होतो. दावी, कासरे, शिंकी आपल्याकडे वाखाचीच असत, आणि बेंदराला बैलांना नवी वेसण घरच्या वाखाची पडे. आता नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो हे खरे, पण त्याने जनावराची मान कापते, वाखाने कापत नाही.

देवकापसाचे एक झाड परड्यात असले की घरातल्या वर्षभराच्या वाती आणि वस्त्रमाळा होतात. केळीचे वाळलेले सोपट भिजवून चिरले की रोपे बांधायला, वेल मांडवाला लावायला उत्तम. नारळ असेल तर हिरांचा खराटा.

आणि कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे वाळवून मिरजेला जातात आणि तिथले कारागीर त्यांची सतार आणि तानपुरे करतात. त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. उसाच्या पट्ट्याशेजारच्या रानातला एक वेल थेट गाण्याच्या मैफलीत जाऊन बसतो! आपल्या परड्यात एवढे मोठे भोपळे येणार नाहीत, पण भजनी मंडळाच्या एकतारीपुरता एखादा येईल.

महिला बचत गटांनी सांडगे, मोरावळा विकायचे मनात आणले तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी. पण मी म्हणेन, पहिली दोन वर्षे घरच खा. हात बसू द्या.

बी सांभाळणे हे खरे काम

संकरित बियाणे एक वर्ष चांगले देते. पण त्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच येत नाही. म्हणून परड्यात निदान पाच-सहा भाज्या गावरान असाव्यात आणि त्यांचे बी घरचे असावे. घेवडा-पावट्याचे बी धरणे सोपे. मधल्या बहरातल्या निरोगी वेलावरच्या भरलेल्या शेंगा वाळू द्याव्यात, बी उन्हात कडक वाळवावे, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून गाडग्यात तोंड बांधून ठेवावे.

वेलवर्गीयांचे बी धरताना सावध असावे. त्यांचा फुलोरा मधमाश्या फिरवतात. जवळपास कडू जातीचा वेल असला तर पुढच्या पिढीत कडूपणा उतरतो. दुधी, घोसाळे, दोडका कापल्यावर जिभेला तुकडा लावून पाहावा. कडू लागला तर ती भाजी टाकून द्यावी, तिचा रस तर मुळीच पिऊ नये, ते विषारी असते. तो वेल उपटावा आणि त्याचे बी कुणाला देऊ नये.

आणि तणनाशकाचा नियम माझ्या चुकीवरून शिका. उसात २,४-डी मारायचे असेल तर वारा पडलेला असताना मारावे. परड्याकडच्या चार-पाच सऱ्या खुरपून घ्याव्यात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, तोच पंप भाजीला वापरू नये. घेवडा, वांगी, टोमॅटो आणि सगळे वेल या औषधाला फार नाजूक असतात.

बी सांभाळून एक बाई काय करू शकते हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवले. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी बाईंनी घेवड्या-वालाच्या, भाताच्या, भाजीपाल्याच्या गावरान जाती गोळा करून जपल्या. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी काही मोठे यंत्र आणले नाही. आपल्या आज्या जे करीत होत्या ते सोडले नाही, एवढेच.

वेल परत आला

सुरुवातीला सांगितलेल्या आजी २०११ साली गेल्या. नंतर किती वर्षे त्या वस्तीवर जाताना मी घरामागे बघायचे टाळत असे. गेल्या वर्षी त्यांच्या लेकाचा फोन आला. "साहेब, खोडवा मोडला. परड्याच्या अकरा सऱ्या ह्या खेपंला लागणीत घेत नाही. सूनबाई म्हणती भाजी लावायची."

मी विचारले, "आणि तो जांभळ्या शिरेचा घेवडा?"

तो गप्प झाला. मग आम्ही शोधत बसलो. गावात कुणाकडे नव्हता. शेवटी आजींच्या नणंदेची लेक दोन तालुके पलीकडे दिलेली आहे, तिच्या घरी सापडला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मामीने पदरात मूठभर बी बांधून दिले होते, आणि या बाईने ते दरवर्षी लावले, दरवर्षी धरले. कशासाठी, म्हणून विचारले तर म्हणाली, "मामीनं दिलंय न्हवं? मोडायचं कसं?" रुमालात बांधून अकरा बिया घेऊन आम्ही परत आलो. सरी तेवढ्याच होत्या, बियाही तेवढ्याच निघाल्या.

आषाढात टोकल्या. दोन उगवल्या नाहीत, एक गोगलगाईने खाल्ली. आठ वेल मांडवावर गेले. या भोगीला त्या घरी मी जेवलो. ताटात मिसळीची भाजी होती, आणि त्यात जांभळ्या शिरेच्या शेंगा होत्या. सूनबाईंनी वाढताना विचारले, "साहेब, मीठ बरं हाय का?" मला काही बोलता आले नाही, मान हलवली. निघताना त्यांनी पाच शेंगा दिल्या. वाळवून बी धरा म्हणाल्या.

म्हणून सभासद बंधू-भगिनींनो, विनंती एवढीच. पुढची लागण करताना टेप घराच्या भिंतीपर्यंत नेऊ नका. दोन गुंठे सोडा, दोन जमत नसतील तर एक सोडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठले बी होते, कुणाला दिले होते. सापडले तर मूठभर गट कार्यालयात आणून द्या, किंवा स्लिपबॉयजवळ दिले तरी पोचेल. वर गावाचे नाव, भाजीचे नाव आणि घरात ती कशी करतात ते दोन ओळींत लिहा. ज्याला हवे त्याला पुढच्या पावसाळ्याआधी शेतकी खाते ते पोचते करील. त्याची पावती नाही आणि कपातही नाही. अट एकच. घेणाऱ्याने पुढच्या वर्षी दुप्पट बी परत द्यायचे.

सहकार म्हणतात तो हाच.

जय सहकार!